रस्त्याकडची बाजू

अहो, काल शिवराम हिरव्या रंगाचा डबा घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, "वैनी, गाडीची ऱ्हायल्याली बाजू हाय तशीच ऱ्हाऊ दे. बाकीच्यावर म्या परत हिरवा मारतो. दोन दिसांचं काम हाय." तुमचा धाकटा भाऊ बोलतो अगदी तुमच्यासारखा, पण तुमचा हट्ट काही त्याच्यात उतरलेला नाही. मी त्याला "उद्या सांगते" म्हटलं. तुम्ही गेल्यापासून जो कोणी काही विचारतो त्याला मी उद्याच सांगते आहे.

खरं म्हणजे मला तेच हवं होतं. तुम्ही असतानाही मला तेच हवं होतं, आणि हे तुमच्याइतकं दुसऱ्या कुणालाच ठाऊक नाही.

गाडी कालपर्यंत तिथंच होती, घर आणि रस्ता यांच्या मधे, तोंड नदीकडं करून. गिअरबॉक्स पुण्याहून दुरुस्त होऊन आला, शिवरामनं आणि भोरच्या मिस्त्रीनं तो बसवलासुद्धा. तिकडं गुंजवण्याच्या बाजूला नेहमी आपल्याच गाडीनं माल नेणाऱ्या तात्यांचं लवकर निघणारं हळवं भात झोडून पोत्यात भरलं असेल. आता गाडी बाहेर काढल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि कुठल्या रंगात काढायची एवढंच ठरायचं राहिलं होतं. घराकडून पाहिली तर ती निळी दिसायची. चुलीपुढून, दारातून, ओट्यावरून, जिथून बघावं तिथून निळी. दिवसभर माझ्या छातीवर बसून राहिल्यासारखी वाटायची. तुमच्या रंगाबद्दल असं लिहायला बरं वाटत नाही, पण आता तुमच्याशी खोटं बोलून काय मिळवायचं आहे?

लष्करातून सुटून आलात तेव्हा मागाहून ही लिलावातली जुनी पिकअप आली. मातकट हिरवी, एका डोळ्यानं अधू, दार दोरीनं बांधलेलं. गाव पोट धरून हसलं. मग त्याच गावानं तिच्या हौद्यात भाताची पोती घातली, कांदे घातले, बाळंतपणाला अडलेल्या बाया घातल्या, नवरीचं रुखवतसुद्धा घातलं. ज्यांना आपल्या घरचं पाणी चालत नव्हतं त्यांना आपली गाडी चालली. तुम्ही म्हणायचात, "गाडीला जात इचारली तर ती हॉर्न वाजिवती, म्हून कोन इचारत न्हाई." मला हसू यायचं नाही. मला दिसत होतं की तो लष्करी हिरवा रंग कुणाचाच नव्हता, म्हणून तो सगळ्यांना चालत होता. निळ्याचं तसं नाही. निळा कुणाचा हे माझ्या पहिलीच्या वर्गातल्या पोरांनाही कळतं.

माझी भीती माहेरची आहे. लग्नात भांड्यांबरोबर ती मी इकडं घेऊन आले. आमच्या लोकांनी धम्म घेतला तेव्हा माझ्या वडिलांनी गावाची मेलेली ढोरं ओढायचं बंद केलं, आणि पुढच्याच उन्हाळ्यात आमची गवताची गंज पेटली. कुणी पेटवली ते कुणी पाहिलं नाही. वडील रात्रभर मडकी भरभरून पाणी ओतत होते आणि आई आम्हा मुलींना पोटाशी घेऊन "गप बसा, गप बसा" एवढंच म्हणत होती. आम्ही गप्पच होतो. तेव्हापासून मी गप बसायला शिकले. शिकून बाई झाले, पोरांना मोठ्यानं पाढे म्हणायला लावते, पण शाळेत जाते ती मागच्या बांधानं. चावडीवरून सरळ रस्ता असताना मी चिखलातून का जाते हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. न विचारल्याबद्दल मी मनातल्या मनात तुमचे आभार मानत आले.

आणि अशा बायकोला तुम्ही श्रावण सरता सरता जेवताना सांगितलंत, "गिअरबॉक्स पुन्याला गेलाय तवर गाडी उभीच हाय. म्या रंगिवतो तिला. निळी. दसऱ्याला आपल्या मान्सांस्नी वंदनेला त्याच गाडीतनं न्हेऊ."

भाकरी माझ्या हातात तशीच राहिली.

"दसऱ्याला सगळं गाव आपापल्या गाड्यांना झेंडूच्या माळा घालतं," मी म्हटलं.

"मग आपुनबी घालू की. आपला तर दीक्षेचा दिस."

"आणि भाडं कोण देईल नंतर?"

"भात काय रंग बगून पोत्यात जातंय?"

लढाईत, अंधारात, दिवे न लावता गाडी हाकून आलेला माणूस तुम्ही. मला वाटायचं, देवानं म्हणा की निसर्गानं म्हणा, तुमच्या अंगात भीती घालायचीच राहून गेली, आणि तुमच्या वाटणीची सगळी माझ्याकडे आली.

रंगवायचं काम तुम्हाला येत होतं असं नाही. तुम्ही फक्त ठरवलं होतं. आधी पत्र्याच्या तुकड्यानं जुना रंग खरवडलात, मग पॉलिशपेपर घासलात. तेव्हा अंगणातली तुळस हिरव्या भुकटीनं भरली आणि तुम्ही इतके शिंकत होता की शेजारच्या कोंबड्या पळाल्या. पत्र्याला जिथं पोचे पडले होते तिथं भरायला लांबी, म्हणजे पुट्टी, हवी होती. ती विकत मिळते हे ठाऊक असूनही तुम्ही मला म्हणालात, "मास्तरीणबाई, शाळंतलं खडू आना की." मी फळ्याखाली पडलेले तुकडे पदरात बांधून आणले. तुम्ही ते वाटून जवसाच्या तेलात मळलेत आणि कणकेसारखा गोळा करून पोच्यात दाबलात. आपल्या मडगार्डात माझ्या पोरांची अर्धी बाराखडी आहे. त्या दिवशी मी हसले होते, हे मला आठवतं. भीत होते आणि हसत होते.

मग तुम्ही भोरला जाऊन रंग घेऊन आलात, आणि डबा उघडला तर पांढरा. "निळा संपला हुता दुकानात," तुम्ही म्हणालात. खिशातून कपड्यांना घालायच्या निळीच्या पुड्या काढल्यात, माझ्या फळीवरचाही निळीचा डबा उचललात. मला वाटलं, कपड्यांचं आहे म्हणजे आता माझी अक्कल चालणार. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं की नीळ आधी पाण्यात कालवावी लागते, नाहीतर डाग पडतात. तुम्ही शहाण्या मुलासारखं ऐकलंत. पाण्यात कालवलेली नीळ तेलाच्या रंगात ओतली आणि सगळा रंग नासलेल्या दुधासारखा फाटला. आपण दोघं त्या डब्यात वाकून बघत होतो. तुम्ही हळूच म्हणालात, "आता ह्याचं पनीर करावं का?" मी तोंडाला पदर लावला.

दुसऱ्या डब्याच्या वेळी नीळ कोरडीच घेतली आणि माझ्या पाट्यावर तेल घालून वरवंट्यानं वाटली. माझा पाटा! मिरचीच्या पाट्यावर गाडीचा रंग! मी चिडले, पण वरवंटा तुमच्या हातातून मीच घेतला, कारण तुम्हाला वाटता येत नव्हतं. तो रंग मात्र मी बोटावर घेऊन उजेडात धरला. आभाळाचा नव्हता, आपल्या झेंड्याचाही नव्हता, मधलाच काहीतरी होता, आपल्या घरचा. पाट्याच्या टाकीच्या खाचांत तो अजून आहे. चटणी मी हल्ली शिवरामच्या बायकोकडून वाटून आणते.

रंगाच्या थराला तुम्ही हात म्हणायचात. "पैला हात निस्ता दावायचा, दुसरा हात खरा." घराकडच्या बाजूला दोन्ही हात दिलेत. हौद्याचा मागचा फाळका काढून परसातल्या भिंतीला टेकवून रंगवलात. बॉनेट रंगवून झाल्यावर त्यावर ताडपत्री टाकलीत, धूळ बसेल म्हणून. रस्त्याकडची बाजू तेवढी राहिली. रोज विचारलं की रोज नवं काही. तिकडं ऊन लागतं, रंग सुरकुततो. ब्रश झिजलाय. आज वारा हाय. मला ते पटायचं. मी उलट मनात म्हणायची, असू दे ऊन, असू दे वारा.

त्या दिवसांत मी किती भ्याले ते तुम्हाला सांगितलं नाही. नदीवर जाणारी सोनाबाई एरवी कुंपणापाशी थांबून दोन शब्द बोलायची. ती पदरानं तोंड झाकून सरळ पुढं जाऊ लागली. मी समजले. तात्या भाताचं भाडं ठरवायला यायचे होते, ते आले नाहीत. मी समजले. चावडीपुढं चारजण उभे राहून आपल्या घराकडं बघत होते असं शिवरामची बायको म्हणाली, तेव्हा मी गवताच्या गंजीजवळ पाण्याचे दोन हंडे भरून ठेवले. तुम्ही विचारलंत, "हितं कशाला हंडं?" मी म्हटलं, "गुरांना." तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि पुन्हा रंगाला लागलात. दुसऱ्या दिवशी तिथं तिसरा हंडा होता. तो मी ठेवला नव्हता. तेव्हा मला वाटलं, तुम्ही माझी चेष्टा करताय.

आपलं शेवटचं भांडण त्याच संध्याकाळी झालं. मी म्हटलं, "एक बाजू तरी हिरवी राहू द्या. माझ्यासाठी."

"आर्धी गाडी भिऊन ठिवायची व्हय?"

"हो. मी भिते. माझ्यासारखं माणूस असतं घरात, हे तुम्हाला कळतच नाही. तुम्हाला भीती म्हणजे काय तेच ठाऊक नाही, त्यामुळे दुसऱ्याची दिसत नाही."

तुम्ही ब्रश घेतलात आणि बाहेर गेलात. बऱ्याच वेळानं आत आलात तेव्हा हाताला रॉकेलचा वास येत होता. मी पाठ करून बसले होते. जेवताना तुम्ही "मीठ हाय का" म्हणालात आणि मी मिठाची वाटी पुढं सरकवली. आपलं बोलणं एवढ्यावर संपलं. सकाळी ओट्यावर बसल्या बसल्या छातीत कळ आली आणि शिवराम बैलगाडी जुंपेपर्यंत तुम्ही थांबला नाहीत. दारात आपली स्वतःची गाडी, आणि तिच्यात गिअरबॉक्स नाही. हे मी कुणाला सांगू?

माणसं आली. आपली आत आली, गावातली रस्त्यावर उभी राहिली, नेहमीसारखी. वंदनेसाठी पांढरं लुगडं काढलं तर ते पिवळट झालेलं. नीळ घालावी म्हणून फळीवर हात घातला आणि तिथं डबा नव्हता. ती सगळी तुम्ही गाडीला लावली होती. तेवढ्या बायकांत मी त्या रिकाम्या फळीसाठी रडले, आणि सगळ्यांना वाटलं तुमच्यासाठी रडतेय. दोन्ही खरंच होतं.

आता कालचं सांगते. मी "उद्या सांगते" म्हटल्यावर शिवराम गेला नाही. म्हणाला, "वैनी, जरा रस्त्यावर या. तिकडनं बगा अन् मग सांगा." मला जायचं नव्हतं. तरी गेले. किती महिन्यांनी आपल्या घरापुढच्या रस्त्यावर उभी राहिले कुणास ठाऊक.

तिथून गाडी हिरवी होती. नुसती हिरवी. निळ्याचा एक ठिपकासुद्धा नाही. बॉनेटवर ताडपत्री, फाळका परसात, पलीकडची बाजू घराकडं. तुम्ही इतके दिवस खपलात आणि गावाला त्यातलं काहीच दिसलं नव्हतं. निळा रंग जगात फक्त मला दिसत होता.

तेवढ्यात सोनाबाई आली. गाल बांधलेला. मला बघून थांबली.

"दाढंनं जीव खाल्ला बाय माजा," ती म्हणाली. "म्हैनाभर त्वांड उगडता येत न्हवतं. भोरला जाऊन उपटली." मग गाडीकडं बघून म्हणाली, "मालक गेलं. गाडी बगा, हाय तशी हाय."

ती गेल्यावर शिवराम म्हणाला, "तात्यांचा सांगावा आलाय. पावसानं भात लांबलं हुतं त्यांचं. गाडी कवा येतीय इचारत्यात."

म्हणजे मी जे जे समजले होते ते सगळं दाढ आणि पाऊस. पण माझी भीती खोटी होती असं म्हणू नका. गावानं रंग पाहिलाच नव्हता, तर गाव काय करेल हे अजून कुणाला ठाऊक आहे? गंज पेटते तेव्हा आधी कोणी सांगत नाही. उलट काल माझी भीती वाढली. इतके दिवस वाटत होतं, जे व्हायचं ते सुरू झालं आहे. आता कळलं की ते अजून सुरूच झालेलं नाही.

मी गाडीच्या दाराला हात टेकला. तुम्ही बसायचात त्या बाजूचं नाही, रस्त्याकडचं दार. हाताखाली पत्रा वेगळा लागला. बाकीचा रंग खरखरीत, आणि तेवढी जागा गुळगुळीत, फिकट. वाकून बघितलं. हिरव्यावर एक निळसर सावट होतं, ब्रशच्या एका फटकाऱ्याएवढं. वरून खाली ओढलेलं, मग चिंधीनं चोळून चोळून पुसलेलं. नाक जवळ नेलं. वास येत होता की मला तसा वाटला, सांगता येत नाही. पण रॉकेलच.

म्हणजे त्या संध्याकाळी तुम्ही माझं बोलणं ऐकून बाहेर गेलात आणि रस्त्याकडची बाजू रंगवायला घेतलीत. एक हात दिलात. आणि मग काय झालं हो? चावडीवर कुणी खोकलं? कुणी वाटेनं आलं? की कुणीच आलं नाही, नुसता तो निळा रंग रस्त्यावर एकटा उघडा पडलेला दिसला आणि तुमचा हात मागं आला?

मग एकेक उलगडत गेलं. भोरच्या दुकानात निळा संपला नव्हता. तुम्हाला तिथं, चार माणसांत, निळा द्या म्हणवलं नव्हतं. ऊन आणि वारा नव्हता. ताडपत्री धुळीसाठी नव्हती. आणि तो तिसरा हंडा चेष्टेचा नव्हता.

काल मला तुमचा इतका राग आला की तुम्ही समोर असता तर मी वरवंटा फेकला असता. एका घरात, एका ताटापाशी बसून आपण दोघं वेगवेगळे भीत होतो. मी तुम्हाला माझी दाखवत होते आणि तुम्ही तुमची माझ्यापासून लपवत होता. का? मी आणखी भिईन म्हणून? की लढाई पाहिलेल्या माणसानं चावडीला भ्यायचं नसतं म्हणून? एकदा म्हणायचं होतंत, "मलाबी भ्या वाटतंय." मी हसले नसते. मी तुमचा हात धरला असता. तुमचे तळवे ओलसर असायचे, ब्रशला तुम्ही चिंधी गुंडाळली होती ती हात निसटतो म्हणून, तेल लागलंय म्हणायचात. मी तेलावरही विश्वास ठेवला.

राग ओसरला आणि जे उरलं त्याला काय म्हणावं ते मला कळत नाही. न भिणारा माणूस निळी गाडी रंगवतो यात काय आहे? तुम्ही भीत भीत रंगवलीत. घराकडून, माझ्या डोळ्यांदेखत, आधी जिथं धीर होईल तिथून सुरुवात केलीत. माझ्याइतकाच घाबरलेला माणूस माझ्यापेक्षा एक दारभर पुढं गेला होता. मला फार एकटं वाटत होतं, अहो. काल ते थोडं कमी झालं.

आज रविवार. सकाळी शिवराम पुन्हा हिरवा डबा घेऊन आला. मी त्याला म्हटलं, "डबा राहू दे. गाडीचं तोंड फिरव."

"आं?"

"चालू कर आणि फिरवून लाव. निळी बाजू रस्त्याकडं करून. बॉनेटवरची ताडपत्री काढ. फाळकाही बसव."

त्यानं डबा खाली ठेवला. "वैनी, इचार केलाय न्हवं?"

"नाही," मी म्हटलं. "विचार केला तर होणार नाही."

गाडी चालू झाली. तुम्ही गेल्यावर पहिल्यांदाच तिचा आवाज आला आणि मी ओट्याचा खांब धरला. शिवरामनं ती मागंपुढं करून फिरवली. आता माझ्या चुलीपुढून ती हिरवी दिसते आणि रस्त्यावरून निळी. मी ओट्यावर बसले आणि वाट बघितली.

पहिली सोनाबाईच आली. नदीकडं निघाली होती. थांबली. गाडीकडं बघितलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. माझ्याकडं बघितलं. "काल हिरवी हुती की," ती म्हणाली.

"ती दुसरी बाजू."

"रंग कुनी दिला?"

"त्यांनीच. जायच्या आधी."

मग तिनं धुण्याचं बोचकं या काखेतून त्या काखेत घेतलं आणि गेली. वाईट बोलली नाही. चांगलंही बोलली नाही. आता ती नदीवर चार बायकांत काय सांगते आहे, आणि त्या घरी जाऊन काय सांगतील, हे दुपारपर्यंत किंवा आठवड्यानं किंवा पुढच्या उन्हाळ्यात कळेल. तिन्ही हंडे मी सकाळीच भरून ठेवलेत. उद्या शाळेत कुठल्या वाटेनं जायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

शिवरामला मी चहा प्यायला पाठवलं आणि घराकडं आलेल्या त्या राहिलेल्या बाजूला तुमचा ब्रश आणि डब्यात उरलेला निळा घेऊन उभी राहिले. तुम्ही गुंडाळलेली चिंधी तशीच होती. तिचा उपयोग मला पहिल्या फटकाऱ्यातच कळला. दारापाशी आले, तुम्ही पुसलेल्या त्या जागेपाशी, तेव्हा थांबले. ती जागा झाकू नये असं क्षणभर वाटलं. मग झाकली. तुमचंच म्हणणं होतं, एका हातानं भागत नाही. त्या दारावर पहिला हात तुमचा आहे, भिऊन पुसलेला. दुसरा मी दिला. तोही भिऊनच, पण मी पुसला नाही.